पोहरादेवीचा नंगारा आणि घरातली गोरबोली

वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे नाव एरवी रामनवमीच्या यात्रेपुरतेच उर्वरित महाराष्ट्राच्या कानावर पडत असे. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते तेथील बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले आणि हे छोटेसे गाव राष्ट्रीय बातम्यांत झळकले. बंजारा समाजाचे पारंपरिक वाद्य असलेल्या नंगाऱ्याच्या आकाराची ही वास्तू दुरूनही नजरेत भरते. जगदंबा मातेचे मंदिर, संत सेवालाल महाराजांची समाधी आणि ३० ऑक्टोबर २०२० रोजी निधन पावलेले धर्मगुरू रामराव महाराज यांची समाधी या स्थळांमुळे पोहरादेवीला बंजारा समाजाची काशी म्हटले जाते. त्या काशीला आता संग्रहालयाचीही जोड मिळाली आहे.

ज्या समाजाची नोंद इतिहासाच्या पुस्तकात तळटीपेपुरतीच होत आली, त्याचा वारसा सरकारी खर्चाने आणि सन्मानाने मांडला जावा, ही गोष्ट स्वागतार्हच आहे. तथापि, संग्रहालय उभे राहिले की वारसा सुरक्षित झाला, अशी एक समजूत आपल्याकडे रूढ होत चालली आहे. ती तपासून पाहण्याची वेळ आली आहे. पोहरादेवीच्या मैदानावर लाखोंच्या साक्षीने होणारा उत्सव आणि तांड्यावरच्या किंवा शहरातल्या दोन खोल्यांच्या घरात जपली जाणारी (किंवा सुटत चाललेली) संस्कृती, या दोहोंमधील अंतर वाढते आहे काय, हा खरा प्रश्न आहे.

मिठाच्या गोण्या आणि रेल्वेचे रूळ

बंजारा, लमाण, लंबाडी, सुगाळी अशा अनेक नावांनी ओळखला जाणारा हा समाज स्वतःला 'गोर' म्हणवतो आणि समाजाबाहेरच्या माणसाला 'कोर' म्हणतो. शेकडो बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून देशभर फिरणे हा त्याचा पिढीजात व्यवसाय होता. मोगल फौजांची रसद या तांड्यांनी वाहिली. १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीने दख्खनेत आणि वऱ्हाडात केलेल्या मोहिमेतही सैन्याच्या धान्यासाठी बंजाऱ्यांच्या बैलांवरच भिस्त ठेवावी लागली होती. रस्ते नव्हते, त्या काळात या उपखंडाची बाजारपेठ ज्यांच्या पायांवर चालत होती, त्यांत हा समाज अग्रभागी होता.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे चित्र पालटले. १८५३ मध्ये वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे आला. १८६७ मध्ये रेल्वेमार्ग नागपूरपर्यंत पोहोचला. रेल्वेच्या मालडब्यांपुढे बैलांचा टिकाव लागणे शक्य नव्हते. त्यातच मिठावरील सरकारी नियंत्रणाने उरलासुरला व्यापारही आवळला गेला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने तर फिरत्या समाजांकडे संशयाने पाहणे हेच राज्यकारभाराचे धोरण ठरवले. बंजारा समाजातील अनेक गटांवर या कायद्याचा शिक्का बसला. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला आणि 'विमुक्त' हा शब्द रूढ झाला. कागदावरचा शिक्का पुसला गेला, पण लोकांच्या नजरेतला पुसायला बराच काळ जावा लागला.

हा इतिहास येथे सांगण्याचे कारण असे की, सांस्कृतिक ऱ्हासाची चर्चा करताना 'नव्या पिढीला आपल्या परंपरेची लाज वाटते' असे सरधोपट विधान सर्रास केले जाते. आरसे, कवड्या आणि रंगीत धाग्यांनी मढवलेले फेटिया-कांचळी हे स्त्रियांचे वस्त्र आज प्रदर्शनात कौतुकाचा विषय आहे. एके काळी तेच वस्त्र पोलीस चौकीवर, बाजारात आणि धर्मशाळेच्या दारात ओळख पटवणारी खूण ठरत असे. ते उतरवून नऊवारी किंवा सहावारी नेसण्यामागे केवळ अनुकरण नव्हते. संशयाच्या नजरेतून सुटण्याचा तो एक मार्ग होता. त्यामुळे वेश टाकणाऱ्या आजीला दोष देण्यापूर्वी तो तिला का टाकावासा वाटला, हे समजून घेतले पाहिजे.

स्वातंत्र्यानंतर या भागाने राज्याला दोन मुख्यमंत्री दिले. पुसद तालुक्यातील गहुली येथे १ जुलै १९१३ रोजी जन्मलेले वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ अशी अकरा वर्षांहून अधिक काळ मुख्यमंत्री होते. त्यांची जयंती आजही कृषिदिन म्हणून साजरी होते. १९९१ मध्ये सुधाकरराव नाईक त्याच पदावर आले. राजकीय प्रतिनिधित्वाच्या बाबतीत बंजारा समाज अन्य विमुक्त जातींच्या तुलनेत पुढे राहिला, हे मान्य करावे लागेल. पण नेतृत्व मिळाले म्हणून तांडा सुधारला, असे समीकरण मांडता येत नाही. मुख्य गावापासून दूर, रस्ता-पाण्याच्या रांगेत शेवटी आणि सहा महिने ऊसतोडीवर किंवा वीटभट्टीवर गेलेला, हे अनेक तांड्यांचे चित्र अद्यापही बदललेले नाही.

अंगणातला उत्सव, मैदानातला उत्सव

बंजारा संस्कृतीची घडण मुळात तांड्याच्या अंगणातली आहे. श्रावणातील तीज घ्या. अविवाहित मुली टोपल्यांत गहू पेरतात, रोज गाणी म्हणत त्यांना पाणी घालतात आणि नवव्या दिवसानंतर कोवळ्या हिरव्या रोपांचे विसर्जन करतात. दिवाळीच्या अमावस्येला मुली दिवे घेऊन घरोघरी 'मेरा' मागायला जातात. होळीला लेंगी रंगते. वर्षभरात जन्मलेल्या बाळाची 'धुंड' होते आणि सारा तांडा त्या घरी जमून त्याला आशीर्वाद देतो. लग्नात नववधू 'ढावलो' गाते. माहेर सोडण्याच्या या विलापगीतात आई, बाप, भाऊ, मैत्रिणी एकेकाचे नाव घेऊन निरोप घेतला जातो. लग्नाआधी कित्येक दिवस वयस्क स्त्रियांजवळ बसून मुलीला ते शिकावे लागत असे.

या सर्व प्रथांत एक गोष्ट समान आहे. येथे प्रेक्षक कोणीच नसतो. मेरा मागणारी मुलगी, तिला ओवाळणी घालणारी काकू आणि दारात उभे असलेले म्हातारे नायक, सारेच त्या विधीत सहभागी असतात. आणि प्रत्येक विधी शब्दांवर उभा आहे. गोरबोली येत नसेल तर तीजेची टोपली सजवता येईल, पण ढावलो गाता येणार नाही. तो पाठ करून म्हटला तरी त्यात स्वतःच्या भावाचे नाव गुंफता येणार नाही.

१५ फेब्रुवारी हा सेवालाल महाराजांचा जन्मदिवस. परंपरेनुसार त्यांचा जन्म १७३९ सालचा. त्या दिवशी घरोघरी आणि तांड्यातांड्यांत भोग लावला जातो, अरदास म्हटली जाते. ही घरातली पूजा आणि अलीकडे शहरांतून निघणाऱ्या वाजतगाजत मिरवणुका यांत विरोध असण्याचे कारण नाही. पुण्या-मुंबईत नोकरी करणाऱ्या किंवा बांधकामावर मजुरी करणाऱ्या बंजारा कुटुंबांसाठी सभागृहातली तीज किंवा चौकातली जयंती हाच परस्परांना भेटण्याचा एकमेव प्रसंग असतो. मात्र त्या सभागृहात ध्वनिक्षेपकावरून निवेदन मराठीत होते, भाषणे मराठीत होतात आणि गोरबोलीच्या वाट्याला ध्वनिमुद्रित गाण्यावरचे समूहनृत्य तेवढे येते. उत्सवातला सहभागी अशा रीतीने प्रेक्षक होतो. हा बदल कोणी जाणीवपूर्वक घडवला नसला तरी त्याचा परिणाम मोठा आहे.

बोली कोणाच्या खात्यावर?

गोरबोली ही राजस्थानी आणि गुजराती यांच्या नात्यातली आर्य कुळातील भाषा. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या नवव्या खंडात तिची दखल घेतलेली आहे. तिला स्वतःची लिपी नाही. महाराष्ट्रात ती देवनागरीत, तेलंगणात तेलुगू लिपीत आणि कर्नाटकात कन्नड लिपीत लिहिली जाते. तीन राज्यांतले बंजारा एकमेकांशी बोलू शकतात, पण एकमेकांचे लिहिलेले वाचू शकत नाहीत. एका भाषेचे साहित्य तीन कप्प्यांत विभागले जाण्याचे हे उदाहरण विरळाच म्हणावे लागेल.

जनगणनेतील तिचे स्थान याहूनही विचित्र आहे. २०११ च्या जनगणनेत लमाणी किंवा लंबाडी ही मातृभाषा सांगणाऱ्यांची संख्या ३२ लाखांहून अधिक होती. बंजारी या नावाची नोंद त्याहून वेगळी. आणि या दोन्ही नोंदी हिंदी या भाषेच्या खात्यावर जमा आहेत. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत २२ भाषा आहेत. २००३ च्या घटनादुरुस्तीने बोडो, डोगरी, मैथिली आणि संथाळी यांची त्यात भर पडली, त्यानंतर एकही भाषा वाढलेली नाही. गोरबोलीचा समावेश करावा ही मागणी जुनी आहे. परंतु जी भाषा स्वतःच्या एका नावाने मोजलीही जात नाही, तिची बाजू दिल्लीत कोणत्या आकड्यांच्या आधारे मांडणार?

१ मार्च २०२७ हा संदर्भदिनांक ठरवून देशात नवी जनगणना होत आहे. मातृभाषेच्या रकान्यात घराघरातून काय सांगितले जाते, याला त्यामुळे विशेष महत्त्व आहे. वाशीम किंवा कारंजा येथे स्थायिक झालेला शिक्षक, मुले मराठीच बोलतात म्हणून 'मराठी' असे सहज सांगून टाकेल. शेजारचा 'बंजारा' म्हणेल, तिसरा 'गोरमाटी' आणि चौथा 'लमाणी'. चौघांच्याही आईची भाषा एकच असली, तरी सरकारदरबारी ती चार ठिकाणी विखुरलेली असेल. यात्रेत एकाच देवीपुढे नतमस्तक होणाऱ्या समाजाने आपल्या भाषेच्या एका नावावर एकमत करावे, हे काम संग्रहालय बांधण्यापेक्षा कितीतरी कमी खर्चाचे आहे.

शाळेचा प्रश्न याच्याशीच निगडित आहे. तांड्यावरचे मूल पहिलीत येते, तेव्हा त्याला आई 'याडी' म्हणून आणि भाकरी 'बाटी' म्हणून ठाऊक असते. पहिल्याच दिवसापासून सारे पाठ मराठीत. मूल गप्प बसते, गुरुजी त्याला मठ्ठ समजतात. पाठोपाठ दिवाळीनंतर आईबाप ऊसतोडीला निघाले की शाळाही सुटते. राज्यघटनेचे कलम ३५० अ प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाची सोय करण्याची अपेक्षा राज्यांकडून व्यक्त करते. शिक्षणहक्क कायदाही शक्य तेथवर मातृभाषेचा आग्रह धरतो. प्रत्यक्षात विमुक्त जाती व भटक्या जमातींच्या मुलांसाठी काढलेल्या आश्रमशाळांतही मातृभाषा म्हणून मराठीच गृहीत धरली जाते. अशा अनुभवातून गेलेला बाप आपल्या मुलाशी घरात मराठीतच बोलू लागला, तर त्याला भाषाद्रोही ठरवता येणार नाही. आपल्या वाट्याला आले ते लेकराच्या वाट्याला येऊ नये, एवढीच त्याची इच्छा असते.

संस्कृती जेव्हा पुरावा होते

या साऱ्याला आरक्षणाच्या राजकारणाची एक धारदार बाजू आहे. महाराष्ट्रात बंजारा समाज विमुक्त जाती 'अ' या प्रवर्गात आहे व त्या प्रवर्गाला तीन टक्के आरक्षण आहे. तेलंगणा आणि आंध्र प्रदेशात हाच समाज अनुसूचित जमातींत, तर कर्नाटकात अनुसूचित जातींत मोडतो. राज्याची सीमा ओलांडली की एकाच कुळातील दोन भावांचा प्रवर्ग बदलतो, ही विसंगती समाजाला बोचते यात नवल नाही. २ सप्टेंबर २०२५ रोजी राज्य सरकारने मराठा समाजासाठी हैदराबाद गॅझेटचा आधार मान्य केल्यानंतर त्याच दस्तऐवजाच्या बळावर अनुसूचित जमातींत समावेश करावा, या मागणीसाठी बंजारा समाजाचे मोर्चे निघाले. आदिवासी संघटनांनी त्याला तीव्र विरोध केला.

या वादात न्याय्य बाजू कोणाची, याचा निर्णय घटनात्मक प्रक्रियेतूनच व्हायला हवा. येथे दोन मुद्द्यांची नोंद पुरेशी आहे. पहिला असा की, वाशीमसह वऱ्हाडचा कारभार १८५३ पासूनच इंग्रजांकडे गेला होता. त्यामुळे मराठवाड्याला लागू पडणारा युक्तिवाद पोहरादेवीच्या परिसराला तसाच्या तसा लावता येत नाही, याची स्पष्ट कल्पना मोर्चातील तरुणांना कोणीतरी द्यायला हवी. दुसरा मुद्दा संस्कृतीचा. अनुसूचित जमात ठरवताना लोकूर समितीने १९६५ मध्ये सुचवलेले निकष अद्याप वापरले जातात. वेगळी संस्कृती हा त्यांतला एक, आणि 'आदिम लक्षणे' व 'मागासलेपण' हेही त्याच यादीत आहेत. म्हणजे समाजाने आपली संस्कृती शासनापुढे मांडायची, पण ती मागासलेपणाचा दाखला म्हणून. संग्रहालयात तीच संस्कृती गौरवाचा विषय म्हणून मांडायची. एकच फेटिया एका दालनात वैभव आणि दुसऱ्या कार्यालयात दारिद्र्याचा पुरावा ठरतो. आपल्या धोरणातली ही विसंगती वाढत्या वयाच्या मुलांच्या मनावर कोणता परिणाम करत असेल, याचा विचार ना समिती करते, ना मोर्चा.

अमेरिकेतील एक धडा

उत्सव वाढतात आणि भाषा आटते, हा अनुभव केवळ वाशीमचा नाही. अमेरिकेत स्पॅनिशभाषक मुळांच्या समाजांचा वारसा साजरा करण्यासाठी १९६८ मध्ये एक आठवडा ठरवण्यात आला आणि १९८८ मध्ये त्याचा महिना झाला. दरवर्षी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या काळात शाळा, ग्रंथालये, सरकारी कार्यालये, बड्या कंपन्या अशा सर्व ठिकाणी संगीत, नृत्य आणि खाद्यपदार्थांची रेलचेल असते. तरीही प्यू या संशोधन संस्थेच्या २०२३ च्या पाहणीत असे आढळले की, तिसऱ्या किंवा त्यापुढच्या पिढीतील जेमतेम एक तृतीयांश प्रौढांना स्पॅनिशमधून नीट संभाषण करता येते. पुढील पिढ्यांना ही भाषा यावी, असे वाटणारे मात्र ८५ टक्के. ज्या भाषेमागे वीसेक देश, अफाट साहित्य आणि दूरचित्रवाणीच्या वाहिन्या उभ्या आहेत, तिची घरातल्या घरात ही अवस्था होत असेल, तर लिपीही नसलेल्या गोरबोलीची किती होईल?

या पाहणीतील आणखी एक निष्कर्ष बोलका आहे. भाषा न येणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांना आपल्याच समाजातील माणसांनी त्यावरून कधी ना कधी हिणवले होते. हिणवण्याने भाषा परत येत नाही. चुकतमाकत बोलणारे मूल तेवढे कायमचे गप्प होते. आपल्याकडे सुटीत तांड्यावर आलेल्या शहरी नातवाच्या उच्चारांवर हसणाऱ्या काका-मामांनी हे ध्यानात ठेवलेले बरे.

काय करता येण्यासारखे आहे?

कर्नाटकातील संडूर येथील लंबाणी भरतकामाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. जुलै २०२३ मध्ये हंपी येथील जी-२० बैठकीच्या वेळी साडेचारशेहून अधिक लंबाणी स्त्रियांनी केलेल्या १,७५५ वस्तूंच्या मांडणीची गिनेस विक्रमात नोंद झाली. विक्रमाचे कौतुक दोन दिवसांचे असते. महत्त्वाचे हे की, तेथे कला जपण्याचा मोबदला ती जपणाऱ्या स्त्रीच्या हाती पडण्याची व्यवस्था उभी राहिली. मानोरा, दिग्रस, पुसद या पट्ट्यातल्या तांड्यांवर अजूनही सुई-धागा हाती धरणाऱ्या वृद्धा आहेत. त्यांचे काम संग्रहालयाच्या काचेआड जाण्याबरोबरच त्यांच्या नाती ते शिकतील आणि त्यातून चार पैसे मिळवतील, अशी सोय पोहरादेवीतच का होऊ नये?

दुसरे काम ध्वनिमुद्रणाचे. ढावलो, लेंगी, सेवालाल महाराजांची मौखिक वचने, भाटांनी सांगितलेल्या वंशावळी यांचा ठेवा माणसांच्या स्मरणात आहे. ज्या दिवशी ती माणसे जातात, त्या दिवशी तोही जातो. गाणाऱ्या स्त्रीचे नाव, तांडा आणि वर्ष यांसह हे सारे नोंदवून ठेवणे, आणि ते तांड्यातल्या कोणत्याही मुलीला आपल्या भ्रमणध्वनीवर ऐकता येईल असे खुले ठेवणे, हे संग्रहालयाचे पहिले कर्तव्य मानले पाहिजे. आत्माराम कनीराम राठोड यांच्या 'तांडा'सारख्या आत्मकथनांनी हे जग मराठी वाचकांपुढे आणले. आता ते जग आपल्याच भाषेत लिहिण्याचे बळ पुढच्या पिढीला मिळायला हवे.

तिसरे काम शाळेचे. पहिली-दुसरीच्या वर्गात गोरबोली आणि मराठी या दोन्ही भाषांतली वाचनपुस्तिका देणे आणि तांड्यांवरील शाळांत ही बोली जाणणारे शिक्षक प्राधान्याने नेमणे, यासाठी नव्या कायद्याची गरज नाही. बंजारा समाजातून आलेल्या शिक्षकांची संख्या या भागात लक्षणीय आहे. वर्गात आपली बोली वापरायला त्यांना आज कोणी मनाई केलेली नाही, प्रोत्साहनही दिलेले नाही.

आणि उरलेले काम घराचे. ते सरकारकडून होणारे नाही. आपल्या इमारतीत राहणाऱ्या राठोड, चव्हाण, पवार वा आडे आडनावाच्या कुटुंबाची भाषा कोणती, असा प्रश्न आपणा शहरी मराठी वाचकांच्या मनात सहसा येत नाही. आपण त्यांना मराठीच मानतो आणि त्यातच मोठेपणा दाखवल्यासारखे वाटते. मराठीला २०२४ मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा आपण आनंद साजरा केला. त्या मराठीच्या सावलीत वाढणाऱ्या लहान बोलींना श्वास घेण्यापुरती जागा देणे, हे तिच्या थोरवीला शोभणारेच ठरेल.

पोहरादेवीचा नंगारा मोठ्याने वाजतो आहे आणि तो वाजायलाही हवा. मात्र येत्या श्रावणात एखाद्या सदनिकेच्या गच्चीवर तीजेच्या टोपलीला पाणी घालणाऱ्या मुलीने आजीला दूरध्वनी करून गाण्याची पुढची ओळ विचारली आणि आजीने ती न हसता सांगितली, तर त्या संग्रहालयाच्या उभारणीचे सार्थक झाले असे म्हणता येईल. जनगणनेचा प्रगणक दारात आला की त्या घरातून मातृभाषेचे कोणते नाव सांगितले जाते, यावरून तो वारसा कुठवर पोहोचला हे कळेल.